टायरच्या आतली खूण

बस बाबा, त्या बाकड्यावर टेक जरा. तुझ्या सायबांच्या कापडांना अजून अर्धा तास हाय. आन तू डिकीत चार जुनी टायरं टाकून ती इकायला टायरवाल्यांच्या गल्लीत चाललायस म्हनतोस, तर असा रिकाम्या डोक्यानं जाऊ नगंस. तुला एक गोष्ट सांगते. गोष्ट फुकट, पैसं इस्त्रीचं तेवढं पडतील.

"चारशे!" त्याच गल्लीतल्या पहिल्या दुकानाचा गुंडाप्पा शेट म्हनला आन हातातली सळई त्यानं टायरवर थप्पकन् आपटली. "एकाला चारशे. चारी घेतो. हातगाडा हितंच रिकामा करा."

मी म्हनलं, "शेट, दसऱ्याला घातल्यात ही टायरं. तेराशेला एक घेतलंय. त्यात संक्रांतीपासनं गाडी दारात उभी हुती."

"घेतलं असंल की, बाई. नवरी मांडवात असती तवरच नवरी. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला लागली की झाली सून." आन हसला. त्याच्या गादीवर बसलेली दोन मान्सं बी हसली.

माझ्या मागं आमचे मालक हुते. माझ्या खांद्यावर हात ठेवून. ते काय हसले न्हाईत.

आता मालक म्हंजी कोण, तर माझे घरधनी, ईश्वरा ड्रायव्हर. मिरज स्टेशनाभाईर त्यांची अँबॅसिडर उभी असायची. पेशंट घेऊन बेळगावापासनं, इजापुरापासनं लोक यायचे, त्यांना दवाखान्यात न्यायचं, बरं झाल्यावर परत घरी सोडायचं. सव्वीस वर्सं गाडी मारली, पन कुनाचं कोंबडं बी मारलं न्हाई. मग साखरेचा आजार निघाला आन त्यानं डोळ्याच्या मागची नस धरली. संक्रांतीच्या टायमाला डॉक्टर म्हनले, ईश्वरा, आता स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. मालकांनी चावी खिळ्याला लावली, आन त्या दिवसापासनं त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. घरातनं मोरीत जायचं तरी खांद्यावर हात. बोलनं बी बंद झालं. जेवायला वाढलं तर जेवायचे, न्हाई वाढलं तर मागायचे न्हाईत.

गाडी भंगारात दिली. भंगारवाला म्हनला, टायरं धरून बी तेवढंच, काढून बी तेवढंच. मी म्हनलं, मग टायरं काढून ठेव, गाडी तेवढी ने.

आन मी कोण, ते तर तू बघतोयसच. परटीन. दवाखान्याच्या चादरी धुनारी. त्या टायमाला मी कृष्णेवर घाटाला धुवायची आन वाळवंटात वाळत घालायची. पन पावसाळ्यात तीन-तीन दिस चादर वाळायची न्हाई. दवाखान्याच्या स्टोअरकीपरनं सांगितलं, "हौसाबाई, गेल्या साली ऑपरेशनच्या पेशंटला वल्ल्या चादरी घातल्या आमी. औंदा मिरगाच्या आत मशीन घ्या, न्हाई तर काम सांगलीच्या लाँड्रीला जाईल." मशीन म्हंजी हायड्रो. त्यात कापड टाकलं की गरगर फिरवून असं पिळून काढतंय, की नुसत्या वाऱ्यावर वाळतं. ते आत घर्रर्र ऐकायला येतंय न्हवं? तेच ते.

सांगलीत एक जुनी लाँड्री बंद हुईत हुती. मालकीन चांगली बाई. म्हनली, सहा हजाराला देते, पन आज संध्याकाळपतूर ये, उद्या कोल्हापूरचा मानूस टेंपो घेऊन येनार हाय. माझ्याजवळ गाडीच्या भंगारातलं, औषधपानी जाऊन, बत्तीसशे उरलं हुतं. म्हंजी अठ्ठावीसशे कमी. एका टायरला सातशे आलं तर मशीन माझं. न्हाई आलं तर दवाखाना गेला. आन दवाखाना गेला की दोघांनी खायाचं काय, तर खिळ्याला लावलेली चावी.

तर आपन कुटं हुतो? गुंडाप्पा चारशे म्हनला.

"देत न्हाई," मी म्हनलं.

"फिरून या की मग," त्यो म्हनला. राग न्हाई, काय न्हाई. "गल्ली मोठी हाय. आमी कुटं जातोय?" आन त्यानं चारी टायरांवरनं हात फिरवला. आतल्या अंगानं सुद्धा. मायेनं फिरवावा तसा. त्याच्या हातातनं खडूचा एक तुकडा खाली पडला, मला दिसला. मला वाटलं, हिशोब मांडत असंल गड्याचा, गादीवर.

पुढच्या दुकानात गेलो. त्या दुकानदारानं टायर उचललं न्हाई, सळई मारली न्हाई, नाळीत, म्हंजी नक्षीच्या खाचंत, नख घातलं न्हाई. नुसतं हात आत घालून वाकून बघितलं आन म्हनला, "पावनेचारशे."

तिसऱ्याकडं गेलो. त्यानं बी तसंच. आत बघितलं. "साडेतीनशे. आन तीन दिसांनी या पैसं न्यायला."

मालक हळूच म्हनले, "हौसा, देऊन टाक त्या पहिल्याला. ऊन लई झालंय तुला."

दोन म्हैन्यांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच आलं त्यांच्या तोंडातनं, आन ते बी हार मानायचं. मला असा संताप आला म्हनून सांगू! पन कुनाचा, ते कळंना. मी हातगाडा लिंबाच्या सावलीला घेतला, मालकांना दगडावर बसवलं, आन पानी प्यायला वाकले तर माझी नजर टायरच्या आत गेली.

आत खडूच्या चार बारक्या रेघा हुत्या.

दुसऱ्या टायरात बघितलं. चार रेघा. तिसऱ्यात, चौथ्यात. चार, चार.

आता बाबा, मला 'अ' कुटला आन 'ब' कुटला ते आजबी कळत न्हाई. पन परटाच्या घरात जलमले मी. आमच्यात पोरगी चालायला लागली की तिला आधी खुना शिकवत्यात. कुनाच्या धोतराला बिब्ब्यानं दोन ठिपकं, कुनाच्या लुगड्याला फुली, कुनाला रेघेवर टिंब. मिरजंतल्या चारशे घरांच्या खुना माझ्या डोक्यात हाईत. दवाखान्याच्या चौदा वॉर्डांच्या येगळ्या. एक चादर हिकडची तिकडं झाली तर शिव्या खायाला मीच. आन ह्या शान्यांनी माझ्याम्होरं, परटिनीच्या म्होरं, खुना केल्या! त्यांना वाटलं, अडानी बाई हाय, तिला काय कळतंय.

चार रेघा म्हंजी चारशे, हे तर शेंबड्या पोराला बी कळंल. म्हंजी पहिला किती बोलला ते दुसऱ्याला आत वाचायला मिळतंय, आन त्यो त्याच्या खाली बोलतोय. तिसरा त्याच्या बी खाली. फिरून फिरून पाय मोडले की मानूस पहिल्याकडंच येतंय. आज गुंडाप्पाची पाळी, उद्या दुसऱ्याची. टायर कुनी बघतच न्हाई. खूण बघत्यात.

पन पाचशेच्या वर काय लिवत्यात? म्हनलं, बघू. समोरच्या दुकानात एक टेंपोवाला त्याची मोठाली टायरं घेऊन आलता. दुकानदार म्हनला, "साडेसहाशे." टेंपोवाला मान हलवून पुढच्या दुकानाकडं निघाला. मी आडवी गेले.

"दादा, जरा थांबा. माझी बांगडी पडली का तुमच्या टायरात, बघते."

"तुमची बांगडी माझ्या टायरात कशी येईल, मावशी?"

"बांगडीला काय पत्ता सांगून जायाचं असतंय व्हय?"

त्यो डोकं खाजवाय लागला. मी तवर आत बघितलं. एक गोल, एक रेघ, एक टिंब. गोल पाचशेचा, रेघ शंभराची, टिंब पन्नासाचं. झालं. माझी शाळा पुरी झाली.

मी गुंडाप्पाच्या दुकानाम्होरनं उगंच एक चक्कर मारली. त्यो जेवायच्या डब्यात मान घालून बसलाता. खाली पडलेला खडूचा तुकडा उचलला, आन सावलीत आले. वल्ल्या पदरानं चारी टायरं आतनं पुसली.

"काय करतीस?" मालक म्हनले.

"धूळ बसलीय."

"आत?"

"आतच जास्ती बसती," मी म्हनलं. आन चारींत एक एक गोल काढला, आन त्याच्या शेजारी चार रेघा. नऊशे.

गल्लीच्या टोकाला भूपाल आण्णाचं दुकान. गल्लीत सगळ्यात मोठं. अंगावर पांढरा शर्ट, बोटात आंगठ्या. त्याच्याकडं त्या टायमाला एक गिऱ्हाईक हुतं, सावळजचा द्राक्षबागवाला. दादासो म्हनत हुते त्याला. त्याची अँबॅसिडर दारातच उभी हुती. आण्णानं त्याच्याम्होरं काळीकुट्ट, चकाकनारी टायरं मांडलीवती आन तोंडाचा पट्टा चालू हुता. आमच्याकडं त्यानं असं बघितलं, जसं लगीनघरात चंदावाला आलाय.

"काय हाय?"

"टायरं हाईत, आण्णा. इकायचीत."

"ठेव तितं." त्यानं एक टायर कलतं केलं, आत एक नजर टाकली आन परत दादासोकडं वळता वळता म्हनला, "साडेआठशे."

"दिली!" मी म्हनलं.

असं मोठ्यानं म्हनलं, की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं.

आण्णा वळला. "काय म्हनलीस?"

"दिली. साडेआठशेला एक. चारी दिली तुमास्नी. टेंपोवाले दादा, ऐकलंसा न्हवं?" टेंपोवाला फिरत फिरत तितंच आलता. "ऐकलं की," त्यो म्हनला. त्यो माझी बांगडी अजून इसरला नव्हता.

आण्णानं पुन्यांदा टायर कलतं केलं, पुन्यांदा आत बघितलं. मग माझ्याकडं. मग गल्लीच्या त्या टोकाला, गुंडाप्पाकडं. त्याला काय इचारायचं हुतं ते त्याच्या नाकावर लिवलेलं हुतं, पन गिऱ्हाइकाम्होरं इचारनार कसं? आमी आत खुना करतो, असं सांगनार व्हय?

"तू... गुंडाप्पाकडं जाऊन आलीस न्हवं?"

"आले की."

"त्यो किती म्हनला?"

"त्यांचं त्यांच्यापाशी. तुमी तुमचा भाव बोलला, आण्णा. आता इसार काढा."

मग त्यानं टायराकडं खरं बघितलं. लाथ मारली, बोट फिरवलं. "हे रीमोल्ड दिसतंय. जुन्या टायरवर नवं रबर चढवलंय. ह्याला साडेआठशे? खुळी का काय!"

आन तितं, बाबा, माझ्या खांद्यावरचा हात उठला.

मालक म्होरं गेले. चाचपडत न्हाई, सरळ. टायरापाशी उकिडवे बसले आन त्यांनी अंगठा नाळीत घातला. बारशाला बाळाच्या टाळूवर फिरवावा, तसा फिरवला.

"रीमोल्ड असतं तर कडंला जोड लागला असता हाताला. लागतोय का बघा. हे पुढचं डावं. जतच्या रस्त्याला एकदा खडीवर घासलंय, हितं, ह्या टोकाला. बाकी कुटं चिरा न्हाई. बारा हजार किलोमीटर चाललंय. चाळीस अजून चालंल."

"डोळ्यानं दिसत न्हाई आन किलोमीटर सांगतंय!" आण्णा हसला. "मान्सं पन काय काय येत्यात."

"ड्रायव्हर," दादासो मधीच म्हनला. त्यो मगाधरनं उभा राहून बघत हुता. "हे जरा बघता का?" आन त्यानं आण्णानं मांडलेलं, त्यो घेनार हुता ते काळंकुट्ट टायर मालकांच्या म्होरं लोटलं.

"त्यांना कशाला तरास देताय?" आण्णा म्हनला.

मालकांनी अंगठा घातला. एक वीत सरकवला, दोन वीत सरकवला. मग बोटं नाकापाशी नेऊन वास घेतला.

"पॉलिश लावलंय," मालक म्हनले. "त्येचं काय न्हाई, समदीच लावत्यात. पन नाळ कापलेली हाय. गुळगुळीत झालेलं टायर, त्यात गरम पात्यानं नवी नाळ पाडलीय. कंपनीच्या नाळीत तळाला मधी मधी बारका उंचवटा असतोय, हिच्यात एकबी न्हाई. आन कडा कशा, पात्याच्या धारंगत. तुमीच अंगठा घाला, दादासो. हितं तर आतली दोरी लागती हाताला. उन्हात तापल्या रस्त्याला हे फुटंल, आन फुटलं की गाडी कुटं जाईल ते गाडीलाच ठावं. घरची मान्सं बसत्यात का तुमच्या गाडीत?"

दादासोनं अंगठा घातला. मग आपल्या अंगठ्याकडं बघितलं. मग आण्णाकडं.

"पोरीला कालेजला सोडतो मी ह्या गाडीतनं, आण्णा," त्यो म्हनला. हळूच म्हनला. वरडला असता तर बरं वाटलं असतं.

आण्णाचा आवाज एकदम मऊ झाला. "चुकून आलं असंल ओ त्या ढिगातनं. दुसरं दाखवतो." आन मग त्याला राग काढायला मी घावले. "ये बाई, उचल तुझी टायरं. मी काय साडेआठशे बोललोच न्हाई."

"बोलला न्हाईसा?"

"न्हाई."

"टेंपोवाल्या दादांनी ऐकलंय."

"त्यो तुझा भाऊ लागतोय का? न्हाई बोललो म्हनलं न्हवं!"

"बरं झालं," दादासो म्हनला. "म्हंजी मावशी मोकळ्या झाल्या. मावशी, मला द्या. नऊशेला एक. चारी."

आण्णा मधी आडवा आला. "आवो, थांबा! माझ्या दारात... साडेआठशे मी बोललोय आधी!"

टेंपोवाला खाली बसला हसून हसून. "आण्णा, आता बोललासा का न्हाई बोललासा, ते एकदा ठरवा की!"

मी आण्णाला म्हनलं, "तुमी माघार घेतली, आण्णा. मी न्हाई घेतली. चार मान्सांनी ऐकलंय."

दादासोनं तितंच, आण्णाच्या दारात, आण्णाचाच जॅक आन टायर काढायच्या पट्ट्या मागून घेतल्या, आन जुनी उतरवून ही टायरं चढवाय लागला. नट आवळायला मालक बसले. मी म्हनलं, राहू द्या, तर म्हनले, "सव्वीस वर्सं आवळल्यात. ह्याला डोळं कशाला लागत्यात?" सोळा नट, एक एक हातानं चाचपून आवळला. दादासोनं नोटा माझ्या हातात दिल्या, आन एक धाची मालकांच्या हातात. "ही तुमच्या अंगठ्याची," म्हनला. "आयतवारी मोकळं हाय का? माझ्या भावाला ट्रॅक्टरची टायरं घ्यायचीत. संगं याल का?"

 ती नोट अशी दोन्ही बाजूंनी चाचपली मालकांनी.

"बघतो," म्हनले. जशी काय त्यांच्या दारात गिऱ्हाइकांची रांग लागलीवती.

माघारी जाताना गुंडाप्पाचं दुकान लागलं. त्यो दात कोरत उभा हुता. हातगाडा रिकामा बघितला आन हसायचा थांबला.

"कितीला दिली?"

"नऊशेला एक."

"कोन? आण्णानं घेतली?"

"आण्णांनी साडेआठशे म्हनलं. तुमी नऊशे बोललावता न्हवं, म्हनून ते जरा खाली बोलले."

"मी? मी कुटं नऊशे..." आन मग थांबला. मी त्याच्या तळहातावर खडूचा तुकडा ठेवला.

"शेट, तुमचा खडू पडलाता. परटिनीच्या म्होरं खुना करत जाऊ नगा. आमी डाग काढतो, तशी खूण बी काढतो. आन घालतो बी."

त्यो मानूस असा हसला, पोट धरून, की मला बी हसू आलं. खोटं कशाला बोलू, पुढं धा वर्सं त्याच्या घरची कापडं माझ्याकडंच हुती. त्याची खूण ठावं हाय काय ठेवली मी? चार रेघा.

सांगलीला पोचलो तवा पाच वाजून गेलते. मशीन आमच्याच हातगाड्यावर चढवलं, दोरखंडानं आवळलं, आन सांगली ते मिरज चालत आलो. रस्त्यानं मी मालकांची वाट बघत हुते, म्हंजी त्यांचा हात खांद्यावर यायची. न्हाई आला. हातगाड्याच्या दांड्याला एका अंगाला मी, एका अंगाला ते.

वाटंत मालक म्हनले, "हौसा, उजवीकडनं काय येतंय?"

"काय न्हाई. एक सायकलवाला."

"मग हान पुढं."

आन पुढं सांगाय लागले. कुटल्या टायरचा कुटला आवाज, जतला कवा पंक्चर झालती, बेळगावच्या घाटात कसं बिरेक न लावता उतरवली. मिरज येईपतूर बोलत हुते. मी आपली हूं हूं म्हनत हुते. दिवस मावळाय आलता आन माझं तोंड रस्त्याकडं हुतं, ते बरं झालं.

त्या आयतवारी ते ट्रॅक्टरची टायरं बघाय गेले. मग जयसिंगपूरचा एक आला, मग शिरोळचा. टायर घ्यायचं म्हनलं की लोक म्हनाय लागले, आधी ईश्वरा ड्रायव्हरचा अंगठा घेऊन जा. एका अंगठ्याला धा रुपये आन बिनसाखरंचा चा. खिळ्याला लावलेली चावी काढून त्यांनी कुटं ठेवली, मी कधी इचारलं न्हाई.

ते बघ, भाईर पायरीवर बसल्यात. तुझी टायरं उतरव आन त्यांच्याम्होरं ठेव. ते सांगतील तेवढाच भाव बोल. आन पहिल्या दुकानातनं भाईर पडलास की टायरच्या आत बघ, काय गोंदवलंय का.

पन त्याच्या आधी ऊठ, ह्या चादरीचं तिकडलं टोक धर. एकटीनं घडी बसत न्हाई. आन वढ जरा जोरात, चुनी राहिली तर मालकांना हाताला लागती.